मोरीकडचा पाय

उंब्रजच्या पट्ट्यात मौला मिस्त्रीला ओळखत नाही असा जीपवाला दाखवा! आता त्यांचं नाव काढलं की लोक म्हणतात, "व्हय, लय मोठा मिस्त्री हुता, पण शेवटी हात थरथरायला लागला म्हाताऱ्याचा." हे ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. होऊन करायचंय काय? जिनं तोंड उघडायला हवं होतं तीच बया आठ महिने तोंड मिटून बसली होती, आणि ती बया म्हणजे मी.

मी अंकिता. माहेर मलकापूरचं, बी.एस्सी. झालेली, लग्न होऊन उंब्रजला आले. नवरा वीरधवल फौजेत. सासरे लालासाहेब, तेही फौजेत ट्रक चालवून रिटायर झालेले. घरी आल्यावर त्यांनी एक जुनी जीप घेतली आणि उंब्रज ते कराड वडाप, म्हणजे शेअर जीप, सुरू केलं. सासूबाई राहीबाई. घरात आम्ही तिघं आणि ती जीप. जीपला मी माणसांत धरते, कारण सासरे तिच्याशी जेवढं बोलतात तेवढं सासूबाईंशी बोलत नाहीत.

मौला मिस्त्री सासऱ्यांचे शाळेपासूनचे दोस्त. मी त्यांना मौलाचाचा म्हणते. हायवेला लागून त्यांचा गाळा होता, रस्ता रुंद झाला तेव्हा तो गेला. दुसरा कुणी असता तर हाय खाऊन बसला असता. चाचांनी हत्यारांची पेटी लुनाच्या पुढ्यात बांधली आणि घरोघर जाऊन इंजिनं उतरवायला लागले. शेताच्या बांधावर, गोठ्यात, देवळामागच्या पारावर, जिथं गाडी बसली असेल तिथं हा माणूस हजर. "दारात इंजिन खोललं की मालकाला समदं दिसतंय," ते म्हणायचे. "काय झिजलंय, काय शाबूत हाय. मला बोलायची गरजच पडत न्हाई."

काम करताना त्यांना घरातले डबे लागायचे. आले की पहिली हाक स्वयंपाकघराकडं. "सूनबाई, पापडाचा डबा द्या, लोणच्याची बरणी द्या, झाकणं आणा असतील तेवढी." मग एका झाकणात हेडचे बोल्ट, दुसऱ्यात कार्बुरेटरचे, तिसऱ्यात गिअरबॉक्सचे, आणि प्रत्येकावर खडूनं खूण. एक वायसर इकडचा तिकडं होणार नाही. आणि त्यांचा उजव्या हाताचा अंगठा! बेअरिंगवरनं अंगठा फिरवायचे, डोळे मिटून, आणि किती घासलंय ते सांगायचे. कराडच्या लेथवाल्यानं मापून बघितलं की तेवढंच निघायचं. सासरे म्हणायचे, मौलाच्या अंगठ्याला डोळा हाय.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास आमची जीप निळा धूर सोडायला लागली. चढाला दम लागायचा, ऑइल तर पाण्यासारखं प्यायची. चाचांनी येऊन एकदा रेस देऊन ऐकलं आणि गाडी बंद केली. "फौजी, पिस्टनच्या रिंगा गेल्या. इंजिन उतरवायला लागणार."

"उतरव की. कवा येतूस?"

"उद्या."

दुसऱ्या दिवशी अंगणात जीप उभी केली. आमच्या अंगणाला शहाबादी फरशी आहे आणि उतार पाणी जावं म्हणून मोरीकडं काढलेला. दिवसभर चाचांनी इंजिन मोकळं केलं. रेडिएटर काढला, वायरी, पाइप, सायलेन्सर सोडवला. संध्याकाळी बोअरची मोटर काढायची तिवई आणली, तीन उंच लोखंडी पाइपांची. दोन पाय जीपच्या दोन्ही अंगांना, तिसरा पुढं मोरीकडं. वर वजन उचलायची चेनकुप्पी टांगली. प्रत्येक पायाखाली गोणपाटाची चौपदरी घडी घातली, लोखंड फरशीवर सरकू नये म्हणून. इंजिनाला साखळी आवळली. तोवर दिवस बुडाला.

"उचलू की आत्ताच," सासरे म्हणाले.

"दिवसाउजेडी उचलायचं, फौजी. अंधारात लोखंडाचा भरवसा न्हाई." हात पुसत चाचा सासूबाईंकडं वळले. "वैनी, एक करा. उद्या सकाळी सडा टाकू नका. शेणाच्या पाण्यानं फरशी लय निसरडी हुती."

सासूबाईंचा चेहराच पडला.

आता हे बाहेरच्याला कळायचं नाही. आमच्याकडं पहाट झाली की अंगणात शेणपाण्याचा सडा पडतो म्हणजे पडतोच. ताप असो, पाऊस असो. फक्त ज्या घरात कुणी गेलंय त्या घरापुढं सडा नसतो. कोरडं अंगण दिसलं की रस्त्यानं जाणारा थांबून विचारतो, कोण गेलं? आणि आमच्या घरातला माणूस तिकडं वर, बर्फात. पाच दिवस त्याचा फोन नव्हता.

चाचा गेल्यावर सासूबाई पुटपुटल्या, "माझं लेकरू तिकडं, आनि हितं आंगण कोरडं ठिवू व्हय?"

सासरे खेकसले, "एक दिवस न्हाई टाकला तर काय आभाळ कोसळत न्हाई. मौलानं सांगितलंय, इषय संपला."

मीही सासऱ्यांचीच री ओढली. सासूबाईंना म्हटलं, "आत्या, तिकडं बर्फ पडला की टॉवर बंद होतो. त्याचा आणि सड्याचा काय संबंध?" किती शहाणपणानं बोलले होते मी! आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

पहाटे साडेपाचला जाग आली. सासरे फिरायला गेलेले. फोन बघितला, काही नाही. बाहेर आले तर सासूबाई पायरीवर बसलेल्या, हात मांडीत घेऊन. नवऱ्याचा शब्द त्यांनी मोडला नव्हता. माझ्याकडं बघितलं आणि उठून म्हशीची धार काढायला गोठ्यात गेल्या. अंगण समोर कोरडं ठाक पडलेलं. फोन नसल्याचा सहावा दिवस. मी काही ठरवलं नाही. बादली घेतली, शेण कालवलं आणि सपासप सडा टाकला. उंबऱ्यापुढं टाकला, तुळशीपुढं टाकला, हात थांबेचना, अख्खी बादली संपली.

संपल्यावर भानावर आले. फरशी चकाकत होती आणि मधोमध ती तिवई. मी खराटा घेतला आणि सगळं पाणी मोरीकडं लोटलं. उतारच तिकडं. मग जुनं लुगडं घेऊन फरशी पुसली, दोनदा. नऊपर्यंत ऊन आलं आणि अंगण असं कोरडं झालं की सडा पडला होता हे कुणाला सांगूनही पटलं नसतं. मोरीकडच्या पायाखालचं गोणपाट वरनं कोरडंच दिसत होतं. खाली बघायचं माझ्या टाळक्यात आलं नाही. बी.एस्सी. झालेल्या टाळक्यात!

साडेनऊला चाचा आले. सासरे होते, शेजारचा जोतिबा जीप ढकलायला आलेला. चाचांनी डावीकडच्या पायाखालचं गोणपाट उचलून बघितलं. उजवीकडचं बघितलं. मग पुढच्या पायाकडं जाऊन वाकले, आणि वाकता वाकता माझ्याकडं मान वळवून म्हणाले, "सूनबाई, सडा न्हाई ना टाकला?"

सासूबाई दारात. सासरे पुढ्यात. मी म्हटलं, "नाही चाचा. कोरडं आहे सगळं."

ते सरळ झाले. ते गोणपाट त्यांनी उचललं नाही. माझ्या शब्दावर उचललं नाही.

कुप्पीची साखळी ओढायला लागले तसं इंजिन हळूहळू वर आलं. जोतिबा आणि सासऱ्यांनी जीप मागं ढकलली. खाली दोन जुने टायर ठेवले होते, त्यावर इंजिन बसवायचं. चाचा डाव्या हातानं साखळी सोडत होते आणि उजव्या हातानं इंजिनाला टायराकडं लोटत होते. दीड-दोन फूट राहिलं असेल. मी चहाचे कप घेऊन दारात आले आणि माझ्या डोळ्यांदेखत मोरीकडचा पाय सरकला.

आवाज आधी फरशीचा आला. इंजिन टायराच्या कडेवर आदळून फरशीवर कलंडलं, तिवई वरनं आडवी झाली. चाचा ओरडले नाहीत. ते नुसते खाली बसले, आणि इंजिनाखाली गेलेल्या स्वतःच्या हाताकडं बघत राहिले. ओरडल्या त्या सासूबाई. जोतिबानं पहार घालून इंजिन उचललं. तो हात मी बघितला. त्याबद्दल मी लिहिणार नाही.

कराडच्या दवाखान्यात उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं काढली.

सासरे आणि जोतिबा त्यांना घेऊन गेले तेव्हा घरी मी आणि सासूबाई. मी अंगण धुवायला घेतलं. रक्त, ऑइल, फुटलेले कप. मोरीकडचं गोणपाट उचललं तर खालचे दोन पदर शेणपाण्यानं चिंब. फरशीवर हिरवट बुळबुळीत थर. मी ते गोणपाट चुलीत घातलं. ओलं होतं, पेटेना. रॉकेल टाकून पेटवलं. सासूबाईंनी बघितलं की नाही, देव जाणे. त्यांनी आजतागायत विचारलेलं नाही.

दुपारी चारला वीरधवलचा फोन आला. "अगं, टॉवर बंद होता. घाबरलीस का?" मी फोन कानाला धरून ढसाढसा रडले. त्याला वाटलं, काळजीनं. आणि खरं सांगते, आता लपवून काय करू, त्या क्षणी माझ्या मनात आलं की बरं झालं सडा टाकला. तिकडं एका माणसाचा हात कापत होते आणि मला हे सुचलं.

संध्याकाळी सासरे परत आले ते खचूनच. ओसरीवर बसून म्हणाले, "मौला थकला गं. साखळी सोडताना हात थरथरला त्याचा. हिसका बसला. मीच इचार करायला पायजे हुता, बासष्ट वय त्याचं." ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटलं होतं. मी तिथंच उभी होते, भांडी घेऊन. आत्ता सांगावं, म्हटलं. मग वाटलं, उद्या. उद्याचा परवा झाला. परवापर्यंत गावभर झालं होतं की मौलाचा हात थरथरला.

गावाला काय, एवढं पुरतं. कुणी म्हणालं, मागं आमच्या ट्रॅक्टरचं काम केलं तेव्हाच मला शंका आली होती. अरे, तेव्हा आली होती तर तेव्हा का बोलला नाहीस, मेल्या! पण मी कुणाला बोलणार? जीपचं इंजिन कराडच्या एका मिस्त्रीनं जुळवलं. वडाप परत सुरू झालं. आमचं सगळं सुरळीत.

चाचांचा मुलगा मुजीब पुण्याला कंपनीत आहे. तो बायको-पोरीला घेऊन आला, महिनाभर राहिला, बापाचं सगळं केलं. पोरगा वाईट नाही, उलट गुणाचा. पण त्याच्या मनानं घेतलं की अब्बा म्हातारे झाले, त्यांना आता कशाला हात लावू द्यायचा नाही. हत्यारांची पेटी त्यानं इस्लामपूरच्या एका मिस्त्रीला देऊन टाकली. चाचांनी अडवलं नाही. कसं अडवणार? त्यांचं स्वतःचंच तसं मत झालं होतं. सासरे भेटायला गेले की म्हणायचे, "फौजी, चूक माझीच. हात कवा थरथरला मला कळलं बी न्हाई. ज्याला आपलाच हात कळंना त्यानं कसली इंजिनं खोलायची?"

हे सासरे घरी येऊन सांगायचे आणि मी भाकरी थापत ऐकायची.

ईदला त्यांच्याकडनं शिरखुर्मा आला. मी खाल्ला. काय सांगू आणखी.

आठ महिन्यांनी, उन्हाळ्याच्या सुट्टीत, चाचांची बायको रहिमतबी मला बाजारात भेटली. नात आली होती सुट्टीला, शिफा, सात वर्षांची. रहिमतबी सांगायला लागली, "पोरीच्या सायकलची चेन पडली गं. आजोबाकडं घिऊन आली. चेन पडली म्हंजे काय, डाव्या हातानं बी बसतीय. तर हे म्हनले, मला न्हाई जमायचं बेटा, अब्बूला यीऊ दे. आनि उटून आत गेले. मी आत जाऊन बघते तर भिंतीकडं त्वांड करून बसलेले." ती बाजाराच्या गर्दीत डोळे पुसायला लागली. "हाताचं मला काय वाटत न्हाई. अल्लानं नेला. पर ह्यो मानूसच गेला."

त्या रात्री मला अन्न गेलं नाही. सकाळी सासूबाईंना म्हटलं, चाचांकडं जाऊन येते. त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. "जा," म्हणाल्या. बस्स.

चाचा पडवीत खाटेवर होते. मी खाली बसले आणि एका दमात सगळं सांगितलं. बादली, खराटा, लुगडं, गोणपाट. चुलीत घातलेलं तेही सांगितलं. मान वर करायची हिंमत नव्हती.

चाचांचा आवाज आला, आणि तो रागाचा नव्हता.

"म्हंजे खालनं भिजलं हुतं."

"हो."

"मोरीकडचा पाय."

"हो, चाचा."

"तरीच! मी म्हनतो, साखळीला हिसका बसला तर तिवई बाजूला जाईल. पुढं कशी जाईल? पुढचा पाय सरकल्याबिगर पुढं जायचीच न्हाई!" ते खाटेवर ताठ बसले होते. डाव्या हाताची तीन बोटं खाटेवर टेकवून त्यांनी मला तिवई करून दाखवली. "ह्यो सरकला की समदं वजन हिकडं. आठ म्हैने डोकं चालवतोय मी. म्हनजे माझा हात न्हवता."

"नाही चाचा. तुमचा हात थरथरला नव्हता."

आतून रहिमतबी आली. तिनं सगळं ऐकलं होतं. "आठ म्हैने!" ती म्हणाली. "आठ म्हैने तू बाजारात भेटतीस, कशी हायस इचारतीस, माझ्या हातचा शिरखुर्मा खातीस! जीभ झडली हुती व्हय तुजी?" मी ऐकून घेतलं. तिनं मला दोन दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

चाचांचं तिकडं लक्षच नव्हतं. "मुजीबला फोन लाव," ते म्हणाले. "सूनबाई, हे समदं त्याला सांगा. असंच्या असं सांगा."

रहिमतबीनं फोन लावला आणि आवाज मोठा करून खाटेवर ठेवला. मी मुजीबला परत पहिल्यापासून सांगितलं. चाचा फोनकडं टक लावून बसलेले, ओठ हलत होते, जणू माझ्या प्रत्येक वाक्याला हो म्हणत होते.

माझं संपल्यावर मुजीब अगदी अदबीनं म्हणाला, "वहिनी, तुमचे उपकार आहेत. अब्बांना बरं वाटावं म्हणून तुम्ही एवढं स्वतःच्या अंगावर घेताय, हे दुसरं कुणी केलं नसतं."

"अहो नाही, मुजीबभाऊ! खरंच झालंय तसं!"

"मला कळतंय वहिनी. पण त्यांना परत त्या नादाला लावू नका. उद्या ते कुणाच्या तरी इंजिनाला हात लावतील आणि दुसरा हातही जाईल. मला भीती वाटते हो. आणि असं होतं तर तुम्ही तेव्हाच बोलला असता ना? तुम्ही शिकलेल्या आहात."

चाचांनी फोनवरची नजर काढली आणि माझ्याकडं बघितलं. मघाचा तो ताठ माणूस होता, पण चेहऱ्यावर काहीतरी हलायला लागलं होतं.

"सूनबाई," ते हळू म्हणाले, "खरं सांगा. मला बरं वाटावं म्हनून तर न्हाई ना बोलला?"

"नाही चाचा! देवाशपथ नाही!"

"देवाची नगं. वीरधवलची शपथ घिऊन सांगा. ह्यो ऐकतोय तवर सांगा. मग मुजीबला पटंल. मला बी पटंल."

मी तोंड उघडलं. खरं तेच सांगायचं होतं. खऱ्याला शपथ घेतली तर कुणाचं काही वाकडं होत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण तो त्या आठवड्यात परत वर गेला होता, चौकीवर, आणि त्याचं नाव घेऊन शपथ म्हणायला माझी जीभ उचलेना. किती वेळ गेला असेल? चार श्वास, फार तर पाच.

चाचा बघत होते. अंगठ्यानं बेअरिंग तपासताना डोळे मिटायचे, तसे त्यांनी डोळे मिटले नाहीत. उघड्या डोळ्यांनी माझा तो थांबलेला चेहरा बघून घेतला.

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "चांगल्या हायसा तुमी. ऱ्हाऊ द्या." आणि डाव्या हातानं फोन बंद केला.

मग घेतली मी शपथ. वीरधवलचं नाव घेऊन घेतली, ओरडून घेतली, दोनदा घेतली. चाचा तोवर भिंतीकडं तोंड करून आडवे झाले होते.